पट्टीच्या मागचा बर्फ

१८ फेब्रुवारी २००७

पोचले एकदाची चेन्नईला! आईने बळेबळे बॅगेत कोंबलेला स्वेटर बघून मला हसूच आलं. स्टेशनवर उतरते न उतरते तोच घामाने अंघोळ झाली. खोली शोळिंगनल्लूरलाच आहे, ऑफिसपासून चालत जाण्याइतकी. घरमालकीण सरोजाबाई पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की कुणी बखर वाचून दाखवतंय असं वाटतं, मधेच दोन वाक्यं तमिळ. आल्या आल्या त्यांनी मला गरम रसम पाजलं आणि माझं लग्न का झालं नाही ते विचारून घेतलं.

कंपनी छोटीशी आहे. लहान प्रवासी विमानांच्या वैमानिकांना शिकवायला खोटं कॉकपिट बनवते. खुर्च्या, काटे, सुकाणू सगळं खऱ्यासारखं, आणि खिडक्यांच्या जागी आकाश दाखवणारे पडदे. आत बसून त्यातल्या चुका शोधणं हे माझं काम. यांचं पहिलं यंत्र कॅनडाला गेलं आणि माझा धाकटा भाऊ पुष्कर त्याच्यावरच शिकला. आता तिथे छोटी विमानं उडवतो. या नोकरीचं त्यानेच सुचवलं. काल फोनवर म्हणाला, तायडे, आता बस माझ्या खुर्चीत.

२६ फेब्रुवारी

आज बर्फाचा धडा. थंड ढगातून जाताना विमानाच्या पंखांवर बर्फ धरतो. तो झटकायला पंखाच्या पुढच्या कडेला रबराची पट्टी असते. बटण दाबलं की पट्टी हवेने फुगते आणि बर्फ तडकून उडून जातो.

यंत्राच्या प्रोग्रामचा हा भाग लिहिला आमच्या ऑफिसातल्या कार्तिकेयने. तो जन्मापासून इथल्याच मैलापूरचा, बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. मी विचारलं, तुला कसं कळलं बर्फ कसा सुटतो? तर मला पॅन्ट्रीत घेऊन गेला, फ्रीजमधला रबराचा ट्रे काढला आणि पिळला. सगळे खडे एकदम, स्वच्छ सुटले. तो मोठ्या ऐटीत म्हणाला की सहा महिने त्याने हेच पाहून लिहिलं. ऑफिसात सगळे हसले. मीही पोट धरून हसले.

८ मार्च

आता हसू येत नाही. गेले काही दिवस मी अपघातांचे अहवाल वाचतेय. काही ढगांत पाण्याचे थेंब मोठे असतात. ते पट्टीवर थांबत नाहीत, मागे वाहत जातात आणि तिथे गोठतात. तिथे रबर नाही, त्यामुळे कितीही बटण दाबा, तो बर्फ जात नाही. वर ऑटोपायलट चालू असेल तर तो विमान गुपचूप तोलून धरतो. वैमानिकाला काही कळत नाही, आणि ऑटोपायलटचा जोर संपला की विमान एका अंगावर कलंडतं. तेव्हा लगेच नाक खाली घेऊन वेग मिळवला तरच ते सावरतं.

आमच्या यंत्रात मागे बर्फ धरतच नाही. बटण दाबलं की पंख लख्ख. दर वेळी.

कार्तिकेयला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाने पास केलंय, पुढच्या यंत्रात बघू. पुष्करला फोन केला. तो हसला. म्हणाला, ताई, पट्टी फुगवली की जातो गं बर्फ, मी शेकडो वेळा केलंय. कुठे केलंस, विचारलं. म्हणाला, यंत्रावर.

१६ मार्च

संध्याकाळी एकटीच चाचणी घेत होते. बटण दाबलं. पट्टीवरचा बर्फ गेला, पण तिच्या मागे पांढरी रेघ तशीच राहिली. कार्तिकेयला बोलावलं. त्याला पंख स्वच्छ दिसला. त्याने शपथेवर सांगितलं की अशी रेघ त्याने लिहिलेलीच नाही.

तो गेल्यावर मी शेजारच्या पडद्याला हात लावला. नख ओढलं तर नखात बर्फ आला. खराखुरा. बाहेर डांबर वितळत होतं.

२४ मार्च

यंत्राचे हेडफोन कुठेच जोडलेले नाहीत. तरी काल संध्याकाळी त्यांतून शीळ ऐकू आली. दातांतून, बेसूर. ती मी लहानपणापासून ओळखते. निवांत असला की पुष्कर अशी शीळ घालतो.

आज त्याला विचारलं. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होती, ढगात होता. तुला कसं कळलं, म्हणाला. मला भीती वाटतेय. खूप.

१ एप्रिल

सरोजाबाईंनी माझा हात धरला आणि दचकून सोडला. अय्यय्यो, म्हणाल्या, एवढं थंड कसं? कषायम म्हणून कसलासा काढा करून दिला. कपाला धरूनही बोटं गरम होत नाहीत.

पुष्करला परत सांगितलं. विनवलं. तसा ढग लागला की ऑटोपायलट काढ, हाताने धर, बाहेर पड. रागावला. म्हणाला, तू कधी विमान उडवलंयस? फोन ठेवला.

६ एप्रिल

आता तो उचलत नाही. पण यंत्रात ऐकू येतो. म्हणून रोज संध्याकाळी आत बसते. मी ओरडले तर त्याला ऐकू जातं का, माहीत नाही. रेघ रोज जाड होतेय.

कार्तिकेय आत यायला तयार नाही.

११ एप्रिल

आईचा स्वेटर घातलाय. वही मांडीवर. बाहेरून लोक घाम पुसत बघतायत.

शीळ चालू आहे. म्हणजे ठीक आहे. शीळ चालू आहे तोवर —

१२ एप्रिल

ढग. सगळीकडे.

पट्टी फुगली. पुढची कड लख्ख. मागे पांढरं, हाताएवढं जाड —

तो म्हणाला, गेला सगळा.

नाही गेला रे. मागे बघ. पुष्कर, मागे —

सुकाणू आपोआप वळतंय. ऑटोपायलट ओढून धरतोय. त्याला कळत नाहीये. मी दोन्ही हातांनी — माझ्याने हलत नाही —

शाई उतरत नाही. पेन तोंडाजवळ धरून फुंकर —

शीळ थांबली.

नाक खाली घे. पुष्कर, नाक खाली —

ऐकलं त्याने. ऐकलं! मला विचारतोय. ताई, यंत्रात याच्यापुढे काय होतं?

याच्यापुढे आम्ही काही लिहिलंच ना