परत पाठवलेली मुडी

महाड, रविवार, नोव्हेंबर १९५७. दिवेलागण.

आज आमच्या ख्रिस्तमंदिरात कापणीचा सण. सगळ्यांनी आपापलं पहिलं पीक प्रभूच्या मेजापुढे ठेवलं. तुडीलची सखूबाई, एकटी विधवा, पेंढ्यात घट्ट बांधलेली भाताची मुडी डोक्यावर घेऊन आली. अशी मुडी बियाण्याचीच बांधतात; पाहताच कळलं, हे पुढच्या पेरणीचं भात. उपासना संपल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणालो, "बाई, बियाणं कुणी देतं का? घरी न्या. देव समजून घेईल." दया केली, असंच वाटलं मला.

 ती म्हणाली, "मास्तर, ही मी तुमाला दिली नव्हती." आणि उचलून निघाली.

तेव्हापासून ती मुडीच डोळ्यांपुढे आहे. कुणाला दिलेलं मी परत केलं? तिने अख्खी पेरणी देवाच्या हवाली केली होती. आणि मी, दर रविवारी इथे अर्पणावर उपदेश करणारा, तिला सांगितलं की इतका भरवसा नको.

मी ठेवलेले तांदूळ गेल्या सालचे, कीड लागलेले. घरात कुणी खात नव्हतं. ते अजून मेजापुढेच आहेत. ते घरी न्या, असं मला कुणी म्हणालं नाही.