राणीचं अडलेलं वाक्य

५ जुलै २०२५, शनिवार

मला काम मिळालं! चौसष्टाव्या वर्षी, तेही सिंगापुरात.

इथल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक आहे. रवींद्रच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, खालच्या हॉलमध्ये तालीम. हा रवींद्र दिवसा बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो आणि सुट्टीला नाटकं लिहितो. त्याची बायको सुरेखा कोरियन राजवाड्यांच्या मालिका बघत असते, ते बघून त्याला ही गोष्ट सुचली. राणी विधवा, मुलगा लहान, राज्य तीच चालवते. तिचा जीव जडतो दरबारातल्या घोड्यांच्या वैद्यावर. पण गादीपुढे माणूस कुठला! शेवटी ती त्याला जायला सांगते.

"कोरियन राणीला नऊवारी नेसवली की झालं मराठी नाटक," सुरेखा सगळ्यांसमोर म्हणाली. रवींद्रचं तोंड बघण्यासारखं झालं.

राणी म्हणजे आमची मैत्रेयी, माझी सून. वैद्य म्हणजे सारंग, माझ्या मुलाचा, राजसचा मित्र. प्रॉम्प्टिंगला सुरेखा होती, तिचा घसा बसला. रवींद्र माझ्याकडे वळला. "काकू, तुम्हाला वाचता येतं ना?"

"येतं," म्हटलं. शाळा चौथीपर्यंतच, हे कशाला सांगायचं!

६ जुलै

वाचायला मी खरी शिकले ती हे आजारी पडल्यावर. साखरेने ह्यांची नजर गेली आणि पुस्तकांचं वेड तर तसंच. मग रोज दुपारी मी मोठ्याने वाचायची. जोडाक्षराला अडखळले की हे म्हणायचे, "सावकाश. कुठे एसटी सुटतेय?" जन्मभर चिपळूण डेपोत नोकरी, दुसरं काय सुचणार! सहा वर्षं वाचलं. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, वाचन राहिलं. त्या आजारपणाने मला एवढं देऊन ठेवलं.

१३ जुलै, रविवार

आज बोलणी खाल्ली. मैत्रेयी बोलता बोलता थांबली, मला वाटलं विसरली, मी पटकन पुढचा शब्द दिला. रवींद्र ओरडला, "काकू! तो पॉज होता! तिने घेतलेला!"

मग सुरेखाने बसक्या आवाजात समजावलं. शब्द पूर्ण द्यायचा नाही, पहिले दोनच. आवाज नटाला गेला पाहिजे, पहिल्या रांगेला नाही. आणि मुख्य म्हणजे, थांबलेल्या माणसाला शब्द द्यायचा नाही, अडलेल्याला द्यायचा.

"आणि ते ओळखायचं कसं गं?"

"वहीत डोकं घालून नाही, काकू. डोळे बघायचे."

२० जुलै

आता जमतंय. सगळ्यांच्या जागा कळल्या. दिवाणजी 'महाराज' म्हटलं की पुढचं विसरतात. सारंगला घोड्यांच्या रोगांची नावं राहात नाहीत. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात केमिकलची अवघड नावं रोज घेतो, पण इथे 'शूळ' म्हणताना घाम फुटतो!

मैत्रेयीला सगळं पाठ. फक्त एका वाक्याला अडते. शेवटचं. राणी वैद्याला म्हणते, "या गादीखेरीज आम्हाला आता कुणी नाही. आपण निघावं." तिथे रोज थांबते आणि माझ्याकडे बघते. मी म्हणते, "या गादीखेरीज..." मग ती म्हणते.

२७ जुलै

पुन्हा तिथेच. रवींद्र वैतागला. "अगं, आठ शब्दांचं वाक्य आहे!"

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी तन्वीला घेऊन पासिर रिसच्या समुद्रावर गेले. नात नऊ वर्षांची, मी मराठीत बोलते, ती इथल्या 'ला' लावलेल्या इंग्रजीत. वाळूत किल्ला करताना सहज म्हणाली, "आजी, व्हेन यू कम हिअर, सारंग अंकल डोन्ट कम, ला."

मी म्हटलं, "म्हणजे गं?"

"यू गो चिपळूण, ही कम. एव्हरी संडे. ही कुक पिठलं, व्हेरी बॅड." आणि खदखदून हसली.

म्हणजे मी इथे असते ते तीन महिने तो घरी येत नाही. मी परत गेले की येतो. दर रविवारी. पिठलं करतो.

किल्ला नीट झाला नाही. घरी आलो.

४ ऑगस्ट

दिवसभर एकच आठवतंय. राजस गेला ते २०२१. जहाजावर नोकरी, बोटीवरून उतरून घरी आला आणि चौथ्या दिवशी छातीत दुखलं. मला येता येईना, कोरोनाने सगळं बंद. हॉस्पिटलपासून अग्नीपर्यंत सारंग होता. व्हिडिओ लावून फोन धरून उभा होता तो, हात थरथरत होता, म्हणून मला माझ्या मुलाचा चेहरा हलताना दिसत होता. त्या हातांचे उपकार मी कधी विसरणार नाही, असं तेव्हा याच वहीत लिहिलं होतं.

आणि काल त्याच माणसाचा राग आला. राग! लिहितेच आहे तर खरं लिहावं.

६ ऑगस्ट

दोघी वांगी चिरता चिरता विचारून टाकलं. "मैत्रेयी, तुझं आणि सारंगचं काही आहे का?"

तिच्या हातातली सुरी थांबली. "आई, प्लीज."

"मी नुसतं विचारतेय."

"तुम्हाला सोडून मी कुठे जाणार नाही. राजसला मी शब्द दिलाय. विषय संपला."

मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. ती वर्षातून दोनदा तिकीट पाठवते, विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवते, माझ्या उशीचा अभ्रा वेगळा ठेवते. तिचे आई-वडील दोघंही गेले, मला तीच आणि तिला मीच. तिचं लग्न झालं तर मी इथे कोण? नव्या नवऱ्याच्या घरात जुन्या नवऱ्याची आई! कुठे बसवायची तिला?

९ ऑगस्ट, शनिवार

इथला राष्ट्रीय दिवस. डोक्यावरून विमानं गेली, तन्वी टाळ्या पिटत होती. आज राखीही. तालमीला सुट्टी, म्हणून शांतपणे नाटकाची पूर्ण वही वाचली.

वाचताना राणीसाठी रडू येतं. पण राणीवर एवढी सक्ती करतं कोण? नाटकात राजमाता नाहीच. सासू नाही, दरबारी दोघं, तेही विनोदी. मग गादी गादी करतंय कोण?

तालमीत रोज पडद्याआडून तिच्या कानात ते वाक्य घालणारी बाई एकच आहे.

१० ऑगस्ट

चक्कर आल्याचं सांगून तालमीला गेले नाही. खोटं. सुरेखाने निभावलं असेल.

१७ ऑगस्ट, रविवार

गेले. सारंग पाया पडला. "बरं आहे का, काकू?" माझ्याकडे नीट बघत नाही पोरगा. चोरी केल्यासारखा उभा राहतो. चाळिशीला आला, घरात एकटा, पहाटे कंपनीच्या बसने जातो. कुणाचं काय घेतलंय त्याने?

त्या वाक्यापाशी मैत्रेयी आजही थांबली. मी आज वही बघितली नाही, तिचे डोळे बघितले.

शब्द दिला. पण उशिराने.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. मैत्रेयीने उकडीचे केले, कळ्या माझ्यापेक्षा सुबक. शेजारच्या मिसेस टान तीन खाऊन गेल्या. हे घर मला मिळालं, ही मुलगी मिळाली — कोकणातल्या किती जणींना एवढं मिळतं? देवापुढे मागायला काही नव्हतं. पण कबूल करायला होतं. ते केलं.

३० ऑगस्ट, शनिवार

दुपारी तीनला प्रयोग. हॉल भरलेला. मी विंगेत स्टुलावर, वही मांडीवर.

सगळं छान गेलं. दिवाणजी 'महाराज'ला अडले, दिला शब्द. सारंगला 'शूळ' आठवला, मीच मनात टाळी वाजवली. मग शेवट. वैद्य हात जोडून उभा. राणीने बोलायचं, त्याने "आज्ञा, राणीसाहेब" म्हणायचं आणि निघून जायचं.

मैत्रेयी थांबली. माझ्याकडे बघितलं.

माझं बोट वाक्यावर होतं. समोरच्या विंगेतून रवींद्र हातवारे करतोय. वही बंद केली आणि तिच्याकडे बघत राहिले. नुसती. किती वेळ ते माहीत नाही.

ती बोलली नाही. ती बोलल्याशिवाय त्याला जाता येईना. दोघं तसेच समोरासमोर. शेवटी रवींद्रने घाबरून पडदा पाडला.

आणि टाळ्या! लोक उभे राहिले! "काय शेवट केलास रे!" म्हणून त्याच्या पाठीवर थापा. तो मात्र माझ्यावर उखडलेला. "काकू, डुलकी लागली काय तुम्हाला?"

"हो रे बाबा," म्हटलं. "वय झालं."

३१ ऑगस्ट, रविवार

सकाळी चहा घेताना मैत्रेयी म्हणाली, "आई, शब्द का नाही दिलात?"

"तू अडली नव्हतीस. थांबली होतीस."

तिने कप ठेवला आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून रडली. राजस गेला तेव्हा तिला जवळ घ्यायला मी इथे नव्हते. तेव्हाचं आज घेतलं.

"राजसला दिलेला शब्द?" म्हणाली.

"माझा मुलगा एवढा कोता नव्हता. त्याला तू हसती हवी असायचीस."

मग मीच फोन केला सारंगला. "जेवायला ये. आणि पिठलं तू करायचं नाही."

७ सप्टेंबर

सारंग दुसऱ्यांदा येऊन गेला, मी असताना! तन्वीला फार गंमत वाटली. जेवताना लग्नाचं निघालं तेव्हा म्हणाला, अडचण त्याच्या आईची आहे. जयाबाई, साताऱ्याला असतात. विधवा मुलगी, त्यात लेकरू, हे त्यांना पचलंही असतं. पण त्या एकच विचारतात, "तिच्या बाजूने बोलणारं कोण आहे? लग्नाची बोलणी काय मुलीने एकटीनेच करायची? आमच्याकडे तशी पद्धत नाही." मैत्रेयी खाली मान घालून जेवत होती.

८ सप्टेंबर

सकाळी आंघोळ करून, राजसच्या फोटोला हार घालून साताऱ्याला फोन लावला. तिकडून बाई म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

म्हटलं, "नमस्कार. मी मुलीची आई बोलतेय."