निळी राहिलेली नळी

आत्याबाई, काल घरात एक कागद आला आणि मला तुमची शिशी आठवली. खोबरेल तेलाची, लांब मानेची, बुचाच्या जागी कापसाचा बोळा कोंबलेली. तुमचा चेहरा आठवायला मला आता भिंतीवरच्या फोटोकडं पाहावं लागतं, पण ती शिशी डोळ्यापुढून हलत नाही. तुमच्या माघारी मी तुमच्याशी कधी बोलले नाही. तशी मी रडकी सून नव्हते, तुम्हाला ठाऊक आहे. पण आज लिहायला बसले आहे.

तुमच्या लेकाचा हात कापसाच्या जिनात, सरकीच्या यंत्रात, सापडला, त्यानंतर मी सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागले. महाराष्ट्र झाला त्याच सुमाराला. मी दुसरी शिकलेली, झाडू मारायला घेतली होती. पण नर्सबाईच्या हाताखाली दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनं मला लघवी तपासायला शिकवलं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे मोजके थेंब टाकायचे, चिमट्यानं धरून स्पिरिटच्या दिव्यावर हलवत उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर माणसाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात धाडायचं. पहिल्याच दिवशी नळी उसळली आणि माझ्या गालावर उडाली. बाई ओरडली, "नळीचं तोंड भिंतीकडं ठेव! माणसाकडं नाही, आपल्याकडंही नाही!" डाग बरेच दिवस राहिला. तुम्ही विचारलं नाही कशाचा म्हणून. तुम्ही म्हणालात, "लोकाचं मूत उकयते अन् त्याच हातानं आमाले वरन उकयून देते."

हे तुम्ही एकदा म्हणून थांबला असता तर चाललं असतं. तुम्ही ते विहिरीवर म्हणालात, बाजारात म्हणालात, माझ्या माहेरच्या पाव्हण्यांसमोर म्हणालात. मी हात राखेनं घासायची, मग साबणानं, मग तुमच्यासमोर पुन्हा एकदा. तरी तुम्ही भाकर स्वतःची स्वतः थापायच्या. गावातल्या बाया मात्र येऊ लागल्या. पदराखाली लपवून कोणी लोटा आणायची, कोणी औषधाची बाटली. एकीनं काकवीची बाटली न धुता आणली आणि नळी अशी लाल झाली, की नवरा तिला त्याच पायी बैलगाडीत घालायला निघाला. म्हणून बाईनं कायदा केला, घरून आणलेलं घ्यायचं नाही. दवाखान्यामागं बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला, धुतलेली बाटली आपण द्यायची, तिथंच भरून घ्यायची. हा कायदा मी सगळ्या गावाला शिकवला. लाजणाऱ्या बायांना मी काय काय बोलायची ते आठवलं तरी आता कान गरम होतात.

मग वावरात तुमच्या पायाला कपाशीच्या पऱ्हाटीचं खुंट लागलं. अंगठ्याजवळ एवढासा खड्डा, पण तो भरेना. तुम्ही हळद भरायच्या, चुना भरायच्या, आणि माठ दिवसातून दोनदा रिकामा व्हायला लागला. नर्सबाईला मी सांगितलं, तर ती म्हणाली, साखर तपास. मी घरी येऊन म्हटलं.

"मरन आलं तरी सुनेच्या हाती मूत देनार नाई," तुम्ही म्हणालात.

"मी रोज अर्ध्या गावाचं पाहते. तुमचं काय सोन्याचं आहे?"

"त्या बाया निलाजऱ्या. मी पहाट फुटाच्या आत गोठ्यामागं जाऊन येतो. तुह्या सासऱ्यालेबी माहीत नाई मी कधी जातो ते."

हे खरं होतं. त्या घरात तुम्हाला कधी कोणी आडोशाला जाताना पाहिलं नव्हतं. जसं काही तुम्हाला ते लागतच नव्हतं. पण तपासू द्या म्हणून तुमच्या लेकानं जेवण सोडलं, तेव्हा एका सकाळी ती तेलाची शिशी ओट्यावर आली. फडक्यात गुंडाळलेली. तुम्ही पाठ करून उभ्या होत्या. म्हणालात, "घे. अन् एक शबुद बोलू नोको."

तिथं मला कायदा आठवायला हवा होता. आठवला, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही मला कधी काही हातात दिलं नव्हतं, आत्याबाई, आणि मी ती शिशी घेऊन अशी निघाले जशी तुम्ही मला पाटल्याच दिल्या. नळी उकळली. निळीच्या निळी. मी ती उजेडात धरून तीनदा पाहिली आणि पळत घरी आले. "साखर नाई आत्याबाई, कायचीच नाई!" तुम्ही मान हलवली, जसं तुम्हाला आधीच माहीत होतं. त्या दिवशी मी गुळाचा शिरा केला, आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातचं खाल्लं. दोन वाट्या. त्यानंतर महिनाभर जे केलं ते खाल्लं. माझ्यासारखी सुखी बाई राळेगावात नव्हती.

अंगठा काळा पडला तेव्हाही मी नळीवरच विसंबले. मग एक दिवस शेण काढायला गोठ्यामागं गेले, तर तिथं मुंग्यांची ही रांग. तुमच्या जागेवर. पाटी तशीच टाकून मी आत आले आणि तुमच्यासमोर उभी राहिले. शिशीत कोणाचं होतं, मी विचारलं, आणि तुमच्या आधी माझा लेकच बोलला, तीन वर्षांचा, तुमच्या मांडीवर बसलेला. "आजीनं मले शिशीत सू कराले लावली. गुयाचा खडा देल्ला."

तुम्ही जराही गडबडल्या नाही. "लेकराचं मूत विटाय नसते," म्हणालात. "माह्याच रक्ताचं पोट्टं आहे. त्याच्यात नाई तर माह्यात कुठून येईन?"

यवतमाळला पाय घोट्याच्या वरून गेला. आता जे लिहायचं आहे ते हे, की ज्या लाजेपायी पाय गेला ती लाजही पायासोबतच गेली. त्यानंतर तुम्हाला धरून गोठ्यामागं न्यायला मीच होते, दिवसातून चार-पाच वेळा, सगळ्या घराच्या देखत. रोज तुम्ही एवढंच म्हणायच्या, "तोंड तिकडं कर." आणि मी करायची, पण तोंड बंद ठेवायची नाही. "आता कोणाचं धाडता शिशीत? वासराचं?" असं मी म्हटलं आहे. तुमची गोष्ट मी घरोघरी सांगितली. आवाज काढून, पदर डोक्यावर घेऊन, "माह्याच रक्ताचं पोट्टं आहे" असं तुमच्यासारखं म्हणून. कळंबच्या लग्नात मांडवातल्या बाया हसून लोळल्या आणि तुम्ही खांबाला टेकून तिथंच बसल्या होत्या. उठून जायचं म्हटलं तरी मलाच हाक मारावी लागली असती. तुम्ही मारली नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या, आणि लुगडं भिजलं तेव्हाही हाक मारली नाही.

ते लुगडं मी धुतलं. धुताना बडबडले. तुम्ही गेल्यावरही ती गोष्ट मी सोडली नाही, सुनांना सांगितली, नातसुनेलाही सांगितली. तिनंही हसून घेतलं. ती तालुक्याच्या लॅबमध्ये कामाला आहे, पोरगी हुशार आहे. मला साखर धरून बरीच वर्षं झाली. ती रोज बोट टोचते, मशीनमध्ये पट्टी घालते, आकडा येतो. बोटाचं मला काही नाही. पण पाय सुजायला लागले तसं तिनं प्लास्टिकची डबी आणली, वर माझं नाव लिहिलेली. "आजी, सकायची पह्यली भरून ठेवजा. किडनीसाठी पाहा लागते." आणि गेली कामाला, जसं काही दूध काढून ठेवायला सांगितलं.

मी ती डबी घेऊन मोरीत गेले आणि तशीच बाहेर आले. पुन्हा गेले. माझ्या नावाची डबी ती पोरगी उजेडात धरणार, तिच्यासोबतची पोरं पाहणार, हे काही केल्या मनातून जाईना. मी, जिनं सगळ्या गावाचं उकळलं! तेवढ्यात पणतू अंगणात उघडाच फिरत होता. मी डब्यातून गुळाचा खडा काढला. बाकी काय लिहू, आत्याबाई. तुम्हाला सांगायची गरज नाही.

काल कागद आला. नातसून दारातूनच ओरडली, "आजी, एकदम साफ! किडनी तर लहान पोरासारखी आहे तुमची!" नातवाला फोन करून सांगितलं, शेजारी सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या आहे तशाच ठेवल्या. मी लुगड्याखाली पाय ओढून घेतले. सकाळी सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं, खड्डा पडला तो पडलेलाच राहिला. त्याचा अर्थ मला कळतो. मला नर्सबाईनं शिकवलं आहे.

हा कागद कोणाच्या पत्त्यावर टाकायचा नाही, उशीखाली ठेवते. ती स्वयंपाकघरात आहे, आज तिला सुट्टी आहे. रिकामी दुसरी डबी कपाटात आहे, मी पाहून ठेवली आहे. एवढं लिहून झालं की तिला हाक मारते. सगळं सांगेन, गुळाच्या खड्यासकट. पण सांगायच्या आधी तिला म्हणेन, बाई, तोंड तिकडं कर.