दैत्याच्या ओंजळीत पाणी कुणी घातलं

अण्णा,

काल मी सोलापूरला जाऊन सिनेमा बघून आले. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, कुणाच्या लग्नाला गेली होतीस गं, कारण देवळाशिवाय आणि बाजाराशिवाय मी बाहेर पडत नाही हे तुम्हाला ठाऊक. नात अकरावीला आहे, धाराशिवला आमच्याजवळच राहते. तिनं महिनाभर आधीपासून धरलं होतं, आजी, तू चल, मला एकटीला बाबा सोडत नाहीत. सिनेमा जपानचा. त्यात खरी माणसं नाहीतच, सगळी काढलेली चित्रं, आणि ती चित्रं पळतात, तलवारी चालवतात, रडतात, आणि बोलतात हिंदीतून. ती गोष्ट नात दोन वर्षं फोनवर भागाभागानं बघत होती, आणि आता तिचा पुढचा भाग थेटरात लागला होता. मी म्हटलं, मला मागचं काही ठाऊक नाही, मला काय डोंबल कळणार. तर एसटीत बसल्यापासून तिनं मागचं सगळं सांगायला घेतलं. तुळजापूर आलं, मी खिडकीतून देवीला हात जोडले, तेवढी ती थांबली आणि पुन्हा सुरू. एक घंटा ओतणाऱ्या कारागिराची पोर असते. राक्षस येऊन तिच्या गावातले सगळे आवाज पळवून नेतात. मग ती देवळाच्या फुटक्या घंटेची तलवार करून घेते आणि त्यांच्यामागं निघते. सोलापूर येईपर्यंत सहा राक्षस मारून झाले होते. सातवा आता सिनेमात मरणार होता.

थेटरच्या दारावरच्या माणसानं माझी पिशवी उघडून शेंगाचे लाडू काढून ठेवले. घरचं आत चालत नाही, लाह्या पाहिजेत तर इथंच घ्या म्हणाला. मी लाह्या घेतल्या नाहीत. पहिला तासभर नुसता दणदणाट, विजा, पडणारे डोंगर. मी डोळे मिटून नाम घेत बसले. मग एकदम सगळं शांत झालं म्हणून डोळे उघडले, तर त्या पोरीची तलवार राक्षसाच्या मानेवर येऊन हवेत थांबलेली. तिथंच थांबवून सिनेमा राक्षसाच्या लहानपणात गेला. राक्षस म्हणजे एक मुका पोरगा होता, आणि गाव त्याची चेष्टा करायचं. शेजारी नात ओढणीनं डोळे पुसत होती, आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून सरळ बसले. कारण अण्णा, हे मी आधी बघितलेलं होतं. बघितलेलं म्हणजे ऐकलेलं, तुमच्या तोंडून, पन्नास वर्षांमागं, पाझर तलावाच्या कामावर.

बहात्तरच्या दुष्काळातलं आपलं गाव आजच्या पोरांना सांगून समजत नाही. ईट गावाच्या पलीकडं आपली पंधरा एकर जमीन नुसती भाजलेली, बैल छावणीत, आणि सगळं गाव तलावाच्या कामावर. मी त्याच साली मॅट्रिक झाले होते. हजेरी मांडायला शिकलेलं माणूस पाहिजे होतं, म्हणून मुकादमानं मला घेतलं. तुम्ही माती उचलत होता आणि मी सावलीत बसून तुमच्या नावापुढं खूण करत होते. तुम्हाला लेकीचं कौतुकच होतं. रोज सकाळी हजेरीला तुम्ही मुद्दाम मोठ्यानं “हाजिर” म्हणायचा आणि बाकीचे हसायचे.

दुपारची सुट्टी झाली की सगळे लिंबाखाली येतात. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, वर सरकारनं वाटलेली सुकडी, आणि तुम्ही गोष्ट सांगताय. कुठल्या पोथीत नसलेली, तुम्हीच रचलेली. एक दैत्य सात नद्या गिळून डोंगराखाली जाऊन बसलाय, आणि पाथरवटाची एक पोर त्या सोडवायला निघालीय. तिच्याकडं तलवार नाही, टिकाव आहे, कारण ऐकणाऱ्यांच्या हातात टिकावच आहेत. मुकादमाची शिट्टी वाजली की तुम्ही असेल तिथं गोष्ट तोडायचा. एकदा तुम्ही त्या पोरीला कड्यावरच्या मुळीला लोंबकळत सोडून फावडं उचललं, तेव्हा शेजारची मावशी म्हणाली, “आरं, उद्यापस्तोर तिला तिथंच लटकवून ठेवतूस व्हय? हात सुटतील की पोरीचं.”

“न्हाय सुटत मावशी,” तुम्ही म्हणालात, “पाथरवटाची हाय, कारकुनाची न्हाय.” आणि माझ्याकडं बघून डोळा बारीक केलात.

आपल्याकडं देवाची कहाणी ऐकताना बायका मुठीत तांदळाचे दाणे धरून बसतात, आणि कहाणी संपल्याशिवाय मूठ उघडत नाहीत. त्या साली मुठीत धरायला दाणे कुणाजवळ होते? एका बाईनं खडीतला एक खडा उचलून मुठीत धरला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. शिट्टी वाजायची, गोष्ट संपलेली नसायची, म्हणून खडा टाकताही यायचा नाही. तो पदराला बांधून त्या कामाला लागायच्या आणि दुसऱ्या दिवशी तोच सोडून पुन्हा मुठीत धरायच्या. असे सत्तावीस दिवस झाले. मी हजेरी ठेवत होते, म्हणून आकडा पक्का आहे.

सत्ताविसाव्या दिवशी पाथरवटाच्या पोरीनं दैत्याच्या डोक्यावर टिकाव उगारला, आणि तुम्ही तो तिथंच वर ठेवून दैत्याच्या लहानपणात गेलात. हा दैत्य आधी माणसाचं लेकरू होता, म्हणालात. उन्हाळ्यात विहिरीवर आला. त्याला विहिरीवर चढायची मुभा नव्हती, म्हणून खाली ओंजळ करून उभा राहिला, वरून कुणीतरी घालील म्हणून. बायका येत होत्या, घागरी भरून जात होत्या. तुम्ही दोन्ही हात जोडून ओंजळ करून दाखवलीत आणि मग किती वेळ काही बोललाच नाहीत. ओंजळ तशीच. ऊन डोक्यावरून पाठीवर आलं, म्हणालात, पाठीवरून पायाशी आलं.

मातीच्या ढिगापलीकडं बौद्ध वस्तीतल्या बाया बसायच्या. त्या गोष्ट ऐकायच्या, पण तिथूनच. त्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी उठून ढिगाच्या अलीकडं आली आणि तुमच्यासमोर उभी राहिली. ती कधी कुणाशी बोलायची नाही. तिनं विचारलं, “मग घातलं का कुणी पाणी?”

शिट्टी वाजली. तुम्ही म्हणालात, “उद्या सांगतो, आये.”

तुम्ही तिला आये म्हणालात हे सगळ्यांनी ऐकलं. त्या संध्याकाळी मी देवळात दिवा लावायला गेले, तर सोसायटीचे चेअरमन पायरीवर बसलेले. भजनातही तेच पुढं असायचे, आणि कामावर पाण्याचा टँकर यायचा तो त्यांच्याच विहिरीवरून. रागावले नाहीत. माझी, माझ्या शिक्षणाची चांगली तारीफ केली. मग म्हणाले, दाणे धरायचे ते देवाच्या कहाणीला, आणि इथं बाया दैत्यासाठी मुठी वळून बसतात, वर देवाला म्हणायचं पाऊस पाड. तुझे वडील भोळे आहेत, त्यांना माझं सांगणं बरं दिसायचं नाही. तू शिकलेली, तू सांग.

ते खरंच वाटावं असंच होतं. मी सोमवार करत होते, शनिवार करत होते, पावसासाठी नवस बोलले होते. देवाच्या रीतीची अशी थट्टा चालली असेल तर तो कसा प्रसन्न होणार, असं वाटणं काही जगावेगळं नव्हतं. पण घरी तुम्ही समोर जेवायला बसला होता. भाकरी वाढताना मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमल्यावर, हजेरीचं पुस्तक हातात घेऊन उभी राहिले आणि सगळ्यांदेखत बोलले.

“अण्णा, आता पुरं करा. बनावट कहाणीला मूठ धरणं देवाला चालत नाही. बायांनो, खडे टाकून द्या.”

मग मावशीनं पदराची गाठ सोडून खडा टाकला, मग दुसरीनं, मग एकामागून एक. दगडावर दगड पडल्याचे बारीक बारीक आवाज येत राहिले. ती म्हातारी ढिगाशी उभी होती. तिच्याही पदराला खडा होता, तो तिनं टाकला नाही. गाठ पुन्हा घट्ट केली आणि कामाला निघून गेली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला आयुष्यभर तुम्ही पोरी म्हणालात, रागावलात तरी पोरीच. त्या दिवशी, कामावरचे बाकीचे मला म्हणायचे तसं, “बरं बाई,” म्हणालात आणि सुट्टी संपायच्या आधीच फावडं उचललंत.

पाऊस त्या महिन्यात पडला नाही, पुढच्याही नाही. तलाव झाला. माझं लग्न होऊन मी परंड्याला गेले, पुढं आम्ही धाराशिवला आलो. तुम्हाला सोसायटीच्या गोदामावर राखणीचं काम मिळालं, आणि रेशनच्या दिवशी रांगेतली पोरं तुमच्या मागं लागायची, गोष्ट सांगा म्हणून. तुम्ही म्हणायचा, मला कुठं येतीय. मी माहेरी आले की हे बघायचे आणि आत चुलीशी जाऊन बसायचे. माझ्या लेकरांनाही तुम्ही पाढे म्हणायला लावलेत, खाऊ दिलात, खांद्यावर घेऊन शेतात हिंडवलंत. गोष्ट नाही सांगितली. शेवटच्या आजारात मी तुमच्या खाटेशी नऊ दिवस होते. रोज पोथी वाचून दाखवली, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकलीत. मधी एकदा पोथी बाजूला ठेवून विचारावं असं मनात आलं होतं, अण्णा, पुढं काय झालं? पण ज्या तोंडानं थांबवलं त्याच तोंडानं कसं विचारणार. दहाव्या दिवशी तुम्ही गेलात.

कालचा सिनेमाही संपला नाही. राक्षस मेला की वाचला ते दाखवलंच नाही, तलवार तशीच हवेत, आणि पडद्यावर जपानी अक्षरं. मला वाटलं आता लोक ओरडतील. तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. नात म्हणाली, पुढचा भाग दोन वर्षांनी येईल, आणि तिला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. परतीच्या गाडीत मी तिला तुमची गोष्ट सांगितली, पहिल्या दिवसापासून सत्ताविसाव्यापर्यंत. मला सगळी आठवते हे मलाच ठाऊक नव्हतं. धाराशिवच्या स्टँडवर उतरेपर्यंत ती हातातला फोन विसरली होती. आणि उतरल्या उतरल्या तिनं तेच विचारलं, त्या म्हातारीनं विचारलेलं. मी म्हटलं, मला माहीत नाही बाळ, तिथंच थांबली गोष्ट. का थांबली? देवाला चालत नव्हतं म्हणून, मी म्हणाले. पन्नास वर्षं हेच सांगत आले आहे. नवऱ्याला, मुलांना, स्वतःलासुद्धा.

पण तुम्हाला लिहायला बसल्यावर तेच कसं लिहू. कामावर पिण्याच्या पाण्याचं पिंप माझ्या ताब्यात होतं. सगळ्यांचं पिऊन झालं की पलीकडच्या बाया यायच्या, खाली वाकून ओंजळ करायच्या, आणि मी तांब्या वर धरून घालायचे. त्या म्हातारीलाही. ओंजळीला तांब्या लागू नये म्हणून इतका वर, की निम्मं पाणी मातीत जायचं, आणि एवढा दुष्काळ असून ते मला दिसायचं नाही. मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तुम्ही ओंजळ करून गप्प बसलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझ्याकडंच बघताय. चेअरमन भेटले ते संध्याकाळी. गोष्ट बंद व्हावी असं मला दुपारपासूनच वाटत होतं, आणि त्यांनी मला फक्त देवाचं नाव दिलं.

तुम्ही खरंच माझ्याकडं बघत होता की नुसतंच समोर, ते मला कधी कळणार नाही. पत्ता नसलेला हा कागद मी कुठं पाठवणार. नात मघाशी दोनदा दारात येऊन गेली, आजी काय लिहितेस म्हणून. मी म्हटलं, किराण्याची यादी.