साडूचं मशीन जाळण्याबाबत

४ जून
विभागप्रमुखाची खुर्ची साडूला मिळाली. माझ्या मागून नोकरीला लागला, तोही माझ्याच ओळखीने. बायको म्हणाली, घरातच राहिली ना खुर्ची. सूड घेणार. शांतपणे.

५ जून
ठरलं. त्याचा कॉम्प्युटर जाळायचा. व्हायरसने. ठसे नाहीत, साक्षीदार नाही. धूर निघाला की साहेबांना कळेल विभाग कुणाच्या हाती दिला ते. मग आहेच मी.

६ जून, दुपार
दुरुस्तीवाल्याला सहज विचारलं, व्हायरसने मशीन जळतं का. म्हणाला, फायली जातात, मशीनला सहसा काही होत नाही. एखादा पंख्याच्या मागे लागला तर तापेल, पण आजकालची मशीन जळायच्या आत आपण होऊन बंद पडतात.
म्हणजे तापतं. माणूस भित्रा आहे. पुढचं मी समजून घेतलं.

९ जून
नाक्यावरच्या टायपिंगच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला. तिथून कुणाचाच धडधाकट परतत नाही. साडूला म्हटलं, जरा एक फाइल बघायची होती. म्हणाला, तुम्हीच लावा साडूभाऊ, परके आहात का.
लावला. भोग आता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
खबरदारी. दोन्ही मशीन एकाच वायरीवर आहेत. व्हायरस माझ्याकडे यायला नको. माझ्या मशीनच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. वर प्लास्टिकचं कव्हर. मुंगी शिरणार नाही.

१० जून
साडूच्या फायली गायब. तोंड पाहण्यासारखं. धूर नाही.
दुरुस्तीवाल्याने चहा निवायच्या आत सगळं परत आणलं. मशीन आता आधीपेक्षा भरभर चालतं म्हणे. असो. सूड मुरावा लागतो.

११ जून
धूर! साडूच्या टेबलाकडे सगळ्यांच्या आधी धावलो. धूर माझ्या टेबलावर होता.
दुरुस्तीवाल्याने पट्ट्या सोलल्या. म्हणाला, याचा श्वासच कोंडलाय, आणि एवढ्या जुन्या मशीनला आपण होऊन बंद पडायची अक्कल नसते. माझ्याकडे बघत म्हणाला.
साहेबांनी विचारलं, पट्ट्या कुणी लावल्या? नोकरी गेली असं वाटलं.
साडू पुढे झाला. "मीच सांगितलं होतं साहेब. धूळ फार येते."
मेमो त्याला मिळाला.

१२ जून
बायकोने बहिणीला फोन करून आभार मानले. माझ्याही वतीने. मला न विचारता.
साहेबांसमोर धडधडीत खोटं बोलणारा विभागप्रमुख. वर लेखी कळवलंच पाहिजे. टाइप करायला मात्र विभागात आता एकच मशीन. साडूला विचारलं. तो खुर्चीतून उठला.
"बसा की."