येतो म्हणाला आणि आला!

रुवैस, ३ मार्च १९९८

आमच्या नवरोबाने, प्रल्हादने, ऑफिसमधून चक्क एक अमेरिकन जेवायला आणला! नाव हार्लन. कंपनीची सेफ्टी फिल्म लिहायला आलाय. पूर्वी न्यूयॉर्कला नाटकं लिहायचा, मग हॉलिवूड. सोळा सिनेमे लिहिले, पडद्यावर नाव दोनदाच! "मी लिहायचो, मग सहा जण सुधारायचे." अगदी आमच्या मंडळाची कमिटी! आता इथे आखाती वाळवंटात 'हेल्मेट घाला' लिहितोय.

निघताना प्रल्हादने शिकवलं — आम्ही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लगेच म्हणाला, "येतो." आम्ही सवयीने, "या!"

४ मार्च

आला!

७ मार्च

रोज येतोय. जाताना "येतो", आम्ही "या". दुसरं काय म्हणणार? पाहुण्याला "जा" म्हणायचं? वीस तारखेला अबुधाबीत माझी एकांकिका, शेवट सुचत नाहीये, आणि मी याच्यासाठी सुरमई तळतेय!

१० मार्च

पोळ्या लाटता लाटता त्याला एकांकिका सांगितली. नवरा-बायको भांड भांड भांडतात, शेवटी गाडी आपटून दोघंही खलास. हार्लन ओरडलाच — "मारू नकोस त्यांना! शेवट सुचला नाही की मीसुद्धा स्फोट करायचो." ओट्यापाशी तासभर वाद. भाजी करपली. इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती!

१३ मार्च

घात झाला. आमच्या वेदने जेवताना सांगून टाकलं — "अंकल, येतो जस्ट मीन्स बाय."

हार्लन लालबुंद. "म्हणजे मला कुणी बोलावलंच नव्हतं?"

"नोप," वेद म्हणाला. कार्ट्याला धपाटा घालणार होते! हार्लन अर्ध्या जेवणावरून उठला. दारात 'येतो'सुद्धा म्हणाला नाही.

१६ मार्च

आला नाही. प्रल्हाद म्हणतो, "बरंच झालं, आता लिही निवांत." निवांत आहेच! पण सुचत काही नाही. ताटं मात्र चार घेतली. मला करमत नाहीये, झालं.

१८ मार्च

बेल वाजली. दारात हार्लन, हातात बॅग. विमानतळावर निघाला असणार.

"जातो!" म्हणाला — आणि आत येऊन सोफ्यावर बसला. 'येतो' म्हणजे निघालो, तर 'जातो' म्हणजे आलो — असा त्याचा हिशेब! फ्लाइट पुढे ढकललीय, प्रयोग बघूनच जाणार म्हणे.

भात लावला आणि एकांकिकेचं शेवटचं पान लिहून टाकलं. बायको बॅग उचलते, "जाते" म्हणते — आणि सोफ्यावर येऊन बसते.