कोळ्याच्या घरातले गोल्डफिश

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
मंगळवार, ७ मार्च १९८९

प्रिय चंदूदादा,

तुझा निरोप दामाजीकाकांनी काल दारात उभं राहूनच सांगितला आणि चहासुद्धा न घेता गेले. उत्तर त्यांच्याबरोबर पाठवलं असतं, पण कल्याणला पोचेपर्यंत काकांनी ते गोड करून टाकलं असतं. मला ते गोड नकोय. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

ते मासे आपल्या घरात आले कसे, हे तू कधी विचारलंच नाहीस. आमच्या बालवाडीच्या शुभदाबाई डोंबिवलीला राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी त्यांची काचेची पेटी मला दिली. आत दोन गोल्डफिश होते, एक अख्खा केशरी आणि दुसरा पांढऱ्या पोटाचा. पेटी रिक्षातून आणली, मासे बरणीत घालून मांडीवर घेतले. गल्लीत शिरल्यावर जो तो विचारत होता, "मालू, एवढ्याशा माशांचं कालवण कोणाला पुरणार गो?" मीही हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. ते ओट्यावर खाडीकडे पाठ करून बसलेले.

होडी काढून टाकल्यापासून ते तसेच बसायचे, तुला माहीत आहे. जाळ्यात कोळंबी कमी आणि काळा चिखल जास्त यायला लागला, आणलेल्या माशाला रॉकेलचा वास म्हणून बायका टोपलीकडे बघेनात, तेव्हा त्यांनी एक दिवस जाळं खुंटीला टांगलं ते टांगलंच. आई गेली तेव्हाही ते इतके गप्प झाले नव्हते. दिवसभरात "जेवलो" आणि "नको", एवढे दोनच शब्द. तू महिन्यातून एकदा यायचास, तुला ते थकलेले वाटायचे. मी रोज बघत होते रे. माणूस आमच्या डोळ्यांसमोर बुडत होता.

आठव्या दिवशी पांढऱ्या पोटाचा मासा एका कुशीवर तरंगायला लागला. गेलाच म्हणून मी वाटी घेऊन त्याला काढायला गेले, तर मागून आवाज आला, "थांब गो. मासा नाय, पानी आजारी हाय." बाबांनी पेटीत बोट बुडवलं, हुंगलं आणि मला शिव्या घातल्या. नळाचं पाणी तसंच्या तसं ओततेस? मग बादलीभर पाणी दिवसभर उन्हात ठेवलं, पेटीतलं अर्धं काढून ते घातलं, वर चिमूटभर खडेमीठ टाकलं. तीन दिवस पाट टाकून ते पेटीसमोर बसले. चौथ्या दिवशी मासा सरळ झाला, आणि त्या दुपारी बाबा जेवताना बोलायला लागले. किती बोलले रे! आईला लग्नानंतर पहिल्यांदा होडीत बसवली, तर ती काकांच्या अंगावर कशी ओकलेली, इथपर्यंत सगळं. मी भात वाढायचा विसरले. हळूहळू गल्लीतली पोरं संध्याकाळी आपल्याकडे जमायला लागली आणि बाबा त्यांना मासा श्वास कसा घेतो ते दाखवायला लागले. त्या पेटीला तू शोभेची वस्तू म्हणतोस!

आता गेल्या महिन्यातल्या बारा तारखेचं. कळव्याचे पाहुणे मला बघायला आलेले. गुरुदत्त तुझ्या कंपनीतला, शिकलेला, बोलण्यात हुशार. खोटं कशाला सांगू, चहा देताना तो मला आवडलेला. मग त्याच्या वडिलांची नजर पेटीवर गेली. "गोमाजी नाखवा, अख्खी खाडी गाळून काढणारा माणूस तू, आणि आता मासे पोसतोस?" सगळे हसले. बाबाही हसले. तू तेवढा हसला नाहीस. तू उठलास, पेटी उचललीस, दाराबाहेर नेलीस आणि गटारात पालथी केलीस.

तुला बाबांची लाज वाटली, असं मी म्हणणार नाही. होडी गेली त्या दिवशी तू मोरीत नळ सोडून रडलेलास, मी ऐकलेलं. बाबांना कोणी हसलेलं तुला सहन होत नाही, हे मला कळतं. पण पेटी ओतून तू तडक आत गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. बाबा कोरा सदरा घातलेला तसेच गटारात गुडघ्यांवर बसले. कोपरापर्यंत हात घालून चाचपडत होते. केशरी मासा हाताला लागला. दुसरा लागेना. आणि गुरुदत्त दारात कपबशी घेऊन उभा होता. "मामा, उजवीकडे! अहो उजवीकडे, पळाला बघा!" असं म्हणून तो खो खो हसत होता. मी तांब्या घेऊन धावले तेव्हा त्याने पाय मागे घेतला, पँटवर शिंतोडे उडू नयेत म्हणून. त्या पायाकडे मी बघतच राहिले.

केशरी मासा जगला. बाबांनी तुझ्याविरुद्ध एक अक्षर काढलं नाही, आजपर्यंत नाही.

आणि आता तुझा निरोप, की कळव्याहून होकार आलाय, येत्या रविवारी साखरपुडा, तेवढी ती पेटी घरातून हलवा म्हणजे पुन्हा हसं नको. तर दादा, माझं उत्तर हे. पेटी हलणार नाही. हलणार आहे तो साखरपुडा. माझा बाप गटारात गुडघ्यांवर बसलेला असताना जो हसला, त्याच्या घरात मी पाऊल टाकणार नाही, मग मला जन्मभर बिनलग्नाची राहावं लागलं तरी चालेल. कळव्याला काय कळवायचं ते तू कळव, कारण मी कळवलं तर यापेक्षा वाईट शब्दांत कळवीन. बाबांना सकाळीच सगळं सांगितलं. "चंदू रागवंल," म्हणाले. मी म्हटलं, रागवू दे. रविवारी तू आता मोकळा आहेस. मी आणि बाबा डोंबिवलीला शुभदाबाईंच्या ओळखीच्या दुकानात केशरीला जोडीदार बघायला जाणार आहोत. सकाळी दहाला डोंबिवली स्टेशनबाहेर थांबतो. तू ये, आणि मासा तू निवडून बाबांच्या हातात दे. हे बाबांनी सांगितलेलं नाही, मी सांगतेय.

तुझीच, आणि तुझं न ऐकणारी,
मालू